रेडिएटरलाही पंखे लागतात

रविवार, संध्याकाळ

कॉम्प्युटर आज पुन्हा तापून बंद पडला. कापडाचं अर्धं डिझाइन गेलं. उघडला तर आत नुसती रुई, पंख्याच्या पात्यांवर जाड थर. खिडकी बंद ठेवली तरी शेजारच्या लूमची, यंत्रमागांची रुई येतेच. म्हणूनच महिनाभर वॉटर कूलिंगच्या मागे लागलोय, म्हणजे पंख्याऐवजी पाणी फिरवून कॉम्प्युटर थंड ठेवायचा. पंप, नळ्या, तापलेलं पाणी निववणारा रेडिएटर कुठे बसेल, सगळं कागदावर काढलंय.

तो कागद बाबांना दाखवला. त्यांचं आयुष्य लूमवर गेलं, आता चार पावलांत धाप लागते. बराच वेळ बघून म्हणाले, "या रेडिएटरला पंखा न्हाय लागत?"

लागतो. दोन लागतात. म्हणजे रुई तिथेही बसणार. इतकं साधं मला कसं सुचलं नाही?

"मग जागाच बदलू," मी म्हणालो. "खारबावला खोली बघू का? तिकडे हवा चांगली आहे."

बाबांना खोकल्याची उबळ आली. ती थांबल्यावर म्हणाले, "डॉक्टरनी दोन वर्सांपूर्वी हेच सांगितलं व्हतं. तवा तू कामाचं कारण दिलंस. आता बघ. कॉम्प्युटरसाठी तरी बघ."

रागावून बोलले असते तर बरं झालं असतं.