दाताने सोललेली वायर

अगं,

मी लेकीच्या दवाखान्यात चाललोय. तिने भरलेला दात जेवताना मोकळा झाला, ही माझी थाप होती. पक्कड सापडेना म्हणून मी वायर दाताने सोलली, तेव्हा फिलिंग निघालं.

काल तू तिला फोनवर झापलंस, "बापाचा दात तरी धड भरायचास!" मी शेजारी बसून मान डोलावली. ती बिचारी "सॉरी बाबा" म्हणाली. फिलिंग डबीत ठेवा, कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भरा, सकाळीच या, असंही म्हणाली. पण कुठल्या तोंडाने जाणार? मी शहाण्याने ते बुटाच्या सोल्युशनने चिकटवलं. आता गाल सुजलाय.

खुर्चीत बसायच्या आधीच तिला खरं सांगतो. नंतर तिची बोटं तोंडात असतील, आणि मला पुन्हा गप्प बसायला निमित्त मिळेल.