आबांच्या सेटिंगवरच्या दहा मॅच

आबा, "जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायचाय, काही काढून घ्यायचं असेल तर ये," असा मला आईचा फोन आला म्हणून रविवारी मी तळेगावहून लोणावळ्याला गेले. तो चालू होईल असं वाटलं नव्हतं. चार वेळा बटण दाबल्यावर घरघरला, आणि आपला फुटबॉलचा खेळ होता तिथेच होता. तुम्ही जाऊन सोळा वर्षं झाली. तुम्ही शेवटी लावून ठेवलेल्या सेटिंगला मधल्या काळात कुणी हात लावलेला नाही.

खेळ माझा, नाद मात्र तुम्हाला लागला. आठवडाभर खंडाळ्याच्या घाटात रुळांची देखभाल आणि सुट्टीला मैदानावर शिट्टी घेऊन रेफ्री, असा तुमचा क्रम. मी कॉलेजात होते. सात-चारने जिंकले म्हणून मोठ्या तोऱ्यात तुम्हाला बोलावलं, तर तुम्ही उभ्या उभ्या पाहिलंत आणि म्हणालात, "अकरा गोल? ही काय मॅच हाय व्हय? आपल्या मैदानावर अकरा गोल पडाया समदा पावसाळा जातो." मग मीच हौसेने तुम्हाला सेटिंगचं पान दाखवलं. पासची अचूकता, शॉटचा नेम, गोलकीपरची चपळाई, फाऊल, प्रत्येकाला एक पट्टी, डावीउजवीकडे सरकवायची. त्या दिवसापासून आपण खेळणंच सोडलं. दोन्ही संघ कॉम्प्युटरकडे सोपवायचे, त्यांच्या आपसात दहा मॅच होऊ द्यायच्या, गोल, शॉट, गोलवर गेलेले शॉट, फाऊल सगळं वहीत लिहायचं, आणि तुम्ही मैदानावर टिपून आणलेल्या खऱ्या मॅचशी ताडून बघायचं. मग एका वेळी एकच पट्टी, तीही एकच घर सरकवायची. मी एकदा घाईने दोन पट्ट्या हलवल्या, तर तुम्ही माझा हात माऊसवरून उचलून बाजूला ठेवलात. "दोन नट एकदम ढिलं केलं तर आवाज कुटनं येतोय ते कसं कळायचं? एका टायमाला एक." आज नवलाख उंबऱ्याच्या कारखान्यात मी क्वालिटी तपासणीला आहे आणि नव्या मुलींना हेच सांगते. कुणाकडून शिकले ते सांगत नाही.

मग तुमची छाती बिघडली. तुम्ही आतल्या खोलीत कॉटवर, कॉम्प्युटर बाहेर, आणि दहा मिनिटंसुद्धा तुम्हाला बसवत नव्हतं. तरी दहा मॅच रोज व्हायच्याच. मी बाहेर लावायच्या, आत येऊन आकडे सांगायचे, तुम्ही वहीत लिहायचे, डोळे मिटून पडायचं, आणि थोड्या वेळाने म्हणायचं, "गोलकीपर एक घर वर घे." आई चिडायची, "डॉक्टरांनी आराम सांगितलाय, ह्यांचा गोलकीपर सुटत नाही." तुम्ही हसायला जायचात आणि खोकला लागायचा.

पहिला खोटा आकडा मी कंटाळ्याने सांगितला. यात दुसरं काही नाही. दहा मॅच म्हणजे दीड तास, मैत्रिणी बाहेर थांबलेल्या, मी मॅच न लावता मनानेच गोल सांगून मोकळी झाले. पण नंतर मला त्याची सवय लागली, आणि सवयीला एक कारणही सापडलं. आकडे जुळले तर हे काम संपेल, आणि हे संपलं तर तुम्ही सकाळी कशासाठी उठून बसाल, ही भीती वाटायला लागली. म्हणून रोज गोल जास्तच सांगत गेले. "अजून लय पडत्यात," तुम्ही म्हणायचात, आणि पुन्हा विचाराला लागायचात. भीती खरी होती, आबा. पण आधी कंटाळा होता. सोळा वर्षं मी स्वतःला फक्त भीतीच सांगत आले.

रविवारी तुमच्या सेटिंगवर दहा मॅच लावल्या. मध्येच उठले नाही. दहा मॅचमध्ये एकही गोल पडला नाही. नेम एवढा खाली, गोलकीपर एवढे वर, की बिचारे खेळाडू नुसते धावत होते. माझे गोल कमी करता करता तुम्ही खेळच थांबवला होता. दुखण्याचे शेवटचे पाच आठवडे, श्वास पुरत नसताना, तुम्ही माझं खोटं दुरुस्त करत बसला होतात. आई चहा घेऊन आली आणि म्हणाली, "जुनं मशीन ते, त्यासाठी काय रडतेस?"

वही टेबलाच्या खणात होती. शेवटच्या पानावर तुमचं अक्षर फार हललेलं आहे. त्या दिवशी एका मॅचचे मी चार गोल सांगितले होते आणि गोलवर गेलेले शॉट तीन. तीन शॉटमध्ये चार गोल. कारखान्यात माझ्यापुढे असा कागद आला असता तर मी तो तसाच परत पाठवला असता. तुमच्या नजरेतून सुटणं तर शक्यच नव्हतं. स्वतःच्या संघाविरुद्ध शेवटच्या मिनिटाला पेनल्टी देणारे तुम्ही, त्यावरून रेल्वे कॉलनीतल्या लोकांनी महिनाभर अबोला धरला तरी हलला नाहीत. त्या तिनाभोवती तुम्ही पेन्सिलने वर्तुळ काढलंय. शेजारी बारीक अक्षरात लिहिलंय, "सेल्फ गोल आसंल." म्हणजे खेळाडूने चुकून आपल्याच जाळ्यात घातलेला, तो शॉटमध्ये मोजत नाहीत.

मला हाक मारली नाहीत. विचारलं नाहीत. माझं खोटं तुम्हाला कळलं होतं, का तुम्ही खरंच सेल्फ गोल समजलात, हे त्या तीन शब्दांवरून मला ठरवता येत नाही, आणि दोन्हीतलं कुठलंही धरलं तरी माझ्याच्याने सोसवत नाही.

हे कुठे पाठवायचं नाही, माहीत आहे. तरी एकदा लिहून टाकते. सेल्फ गोल नव्हता, आबा. त्या दिवशी मी कॉम्प्युटर चालूच केला नव्हता.