नस आणि गाठ

४ मार्च, सुरत
पुन्हा तेच. मोठा भाऊ, नानाभाऊ, साक्रीहून फोनवर ओरडतो, "हातपाय धड शेतस ना? मंग बठ्ठं तुना मनमाच शे!" मनाची गोळी चालू झाल्यापासून ज्याला त्याला माझं सगळं मनाचंच वाटतं. मुंग्या बोटांना येतात भाऊ! गोळीने मला खाटेवरून उठवलं, नाकारतो कुठं? पण गोळीच्या तिसऱ्या महिन्यापासून बोटं बधिर.

९ मार्च
मागावर सात धागे तुटले, गाठ एक बसेना. गाठ बोटांनी मारायची असते, बघत बसलं की माग बंद उभा राहतो. मुकादमाने माझ्या चारातले दोन माग काढून घेतले. "दारू कमी कर." मी चहासुद्धा अर्धाच पितो.

१६ मार्च, धुळे
गोळ्यांचे डॉक्टर. "टेन्शन घेता का?" आलंच. खिशात धाग्याची कांडी नेली होती. टेबलावर धागा तोडला, डोळे मिटले. "बघा साहेब." आठ वर्षं न बघता मारलेली गाठ. तीनदा सुटली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. सुई टोचून पाहिली, कापूस फिरवला. "क्वचित होतं, पण गोळीनेही होऊ शकतं. स्वतःहून एकदम बंद करू नका."

१८ मार्च, जळगाव
हातापायाला करंट लावून नसा तपासल्या. शुगर, बी-बारा ठीक. नस मंद. रिपोर्टात छापील! एरंडोलच्या स्टँडवरून नानाभाऊला फोटो टाकला. निळ्या खुणा आल्या. दोन प्लेट भजी, मिरच्यांसकट.

२ मे, सुरत
जुनी गोळी थोडी थोडी कमी करून संपली, दुसरी चालू. नानाभाऊचा फोन. "मन्ही चूक व्हयनी रे भो." म्हटलं, "मागाचा आवाज आहे, परत बोल." दोनदा बोलायला लावलं.

२० जून
धागा बोटाला जाणवला! अंगठ्याखाली, केसासारखा. डोळे मिटून गाठ मारली. मुकादमाने ओढून पाहिली, तुटेना. "चल, घे तुझे चारही." शिट्टी वाजवली, मागांच्या अख्ख्या खात्यात ऐकू गेली.

२८ जून
पायाची बोटं अजून झोपलेली. नवी गोळी कशी वागते ते अजून बघायचंय. डॉक्टर म्हणतात, त्या गोळीनेच झालं असं शपथेवर कोणी सांगणार नाही. दिवाळीआधी परत करंटची तपासणी. नानाभाऊ म्हणतो, "मी येस संगे, नंबर मीच लावस." तपासणीचे आणि आमच्या दोघांच्या बसभाड्याचे पैसे आत्ताच टाकतो त्याला, म्हणजे माघार नको. चार हजार दोनशे.