एकविसावं पान

खराडी, पुणे
जानेवारी २००४

प्रिय नम्रता,

तुझं पत्र मला धड वाचता येईना, म्हणून शेजारच्या रुपालीकडून दोनदा वाचून घेतलं. टेकडीवरच्या त्या जांभळ्या फुलाच्या झाडाची जगात कुठेच नोंद नव्हती, आणि आता त्याला तू माझं नाव देणार, कारण ते तुला पहिल्यांदा मी दाखवलं. हे ऐकल्यापासून घास उतरत नाही. तब्येत बरी आहे, काळजी करू नकोस. पण त्यावरचा तुझा लेख छापायला कधी जाणार ते लिहिलं नाहीस. गेला तर नसेल ना?

इकडे टेकडीखाली काचेच्या इमारती वाढतायत. परवा भैरू धनगर मंडईत माझ्या टोपलीपाशी आला. बकऱ्यांनी ती झाडं खाल्ली असं तू वनखात्याला लिहून दिल्यापासून त्याला टेकडीवर पाय ठेवू देत नाहीत. म्हणाला, महिपती, तुझी पोरगी शिकलेली हाय, तिला सांग, माझी बकरी तिकडं गेलीच न्हाई. मी त्याला चहा पाजला.

गेल्या गणपतीत, चतुर्थीच्या आदल्या दिवशी, सदाशिव पेठेतल्या एक बाई माझी पत्रीची जुडी सोडून पानं मोजत बसल्या. म्हणाल्या, अहो, एकवीस प्रकार म्हणता नि वीसच आहेत, एकविसावं काय बाप्पाने मनात धरायचं? आजूबाजूचे सगळे हसले. तीस वर्षं पत्री विकतोय, असं कुणी हसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच टेकडीवर गेलो. बी धरेपर्यंत त्या झाडांना हात लावू नका आबा, असं तू बजावून गेली होतीस. दोनच पानं घेईन म्हटलं. पण पातळ मातीतलं रोप, पान ओढलं की मुळासकट हातात येतं. जुड्या पुऱ्या होईपर्यंत एकही उरलं नाही. तू रडत विचारलंस, तेव्हा बकऱ्या तोंडातून निघून गेल्या. तुझी झाडं घरोघरच्या गणपतीला वाहिली गेली आणि विसर्जनाला नदीत गेली, पोरी. लेखातली बकऱ्यांची ती ओळ खोड. माझं नाव तर घालूच नकोस. आता भैरूला हे सांगायला निघालोय. आधी हे पत्र पेटीत टाकतो, म्हणजे वाटेत भ्यालो तरी माघारी फिरता येणार नाही.

तुझाच,
आबा