सात पायऱ्या आणि समीक्षाचे चार मार्क

३ जुलै, सकाळी ९.४०
पेणच्या आमच्या कॉलेजात बीएमएसच्या तिसऱ्या वर्षाला 'क्रिएटिव्हिटी' हा विषय मला मिळाला. १४ ऑगस्टला विद्यापीठाची समिती येणार. विद्यार्थ्याची एक तरी नवी कल्पना दिसली नाही, तर विषय बंद आणि माझं कॉन्ट्रॅक्टही. नम्रता मॅडमनी (प्राचार्य) दोनदा बजावलं. संकल्प : रोज पाचला उठून एक नवी कल्पना. आज सव्वाआठला उठलो. अलार्मचा आवाज फार साचेबद्ध आहे.

७ जुलै
'मुक्त विचाराच्या सात पायऱ्या' डिक्टेट केल्या. विशालने विचारलं, आठवी चालेल का? सिलॅबसमध्ये नाही म्हटलं.

१९ जुलै
टेस्ट. प्रश्न : 'जगावेगळा विचार करा' (२० मार्क). एकतीस पेपर माझ्या मॉडेल आन्सरशी शब्दन् शब्द जुळले. भरून आलं. फक्त पेणजवळच्या जोहे गावच्या समीक्षाने तीन ओळी लिहिल्या. घरचा गणपतींचा कारखाना आहे. म्हणे मूर्ती डोळे न काढता रोह्याला विकायला न्यायच्या आणि गिऱ्हाइकासमोर डोळे काढायचे. पायऱ्या एकही नाही. चार मार्क. मुलगी हुशार, पण कल्पनाशक्ती नाही.

२ ऑगस्ट
जोह्याला फील्ड व्हिजिट, समीक्षाच्याच कारखान्यात. कारागिरांना नावीन्यावर चाळीस मिनिटं बोललो. एकाचाही हात थांबला नाही, इतके तल्लीन. तिथे डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी, तीही समीक्षाची आत्या कृष्णाबाई एकटीच करते. मी सुचवलं, आखणी आधी उरका, रंग नंतर. कृष्णाबाई म्हणाली, "सर, डोलं आदी काढलं न् वरशी रंग मारला, त देव आंधला व्हईल."
बदलाला विरोध. नोंद केली.
मग ब्रश घेऊन डोळे तेवढे बाकी असलेल्या एका मूर्तीवर प्रात्यक्षिक दिलं. एक डोळा पेणकडे, दुसरा रोह्याकडे. समीक्षाच्या वडिलांनी, काळुरामांनी, मूर्ती गुपचूप आत नेली आणि मला चहा दिला. जपून ठेवणार असतील.

१३ ऑगस्ट
उद्या समिती. प्रेझेंटेशन्स तयार : एकतीस जण, एकतीस ॲप. समीक्षाने गेटजवळ टेबल मागितलं. दिलं. निदान वर्गात मध्येमध्ये करणार नाही.

१४ ऑगस्ट
चौथ्या ॲपला अध्यक्षांनी चहा मागितला आणि बाहेर पडले ते परत आलेच नाहीत. गेटवर समीक्षा आणि कृष्णाबाई बारा मूर्तींचे डोळे लोकांसमोर काढत होत्या. तासाभरात बाराही बुक झाल्या. एक मूर्ती नम्रता मॅडमनी घेतली. डोळे उघडताना बघून त्यांना रडू आलं. अध्यक्षांनी विचारलं, ही कल्पना वर्गात शिकवली का?
समीक्षा म्हणाली, "टेस्टमध्ये लिहिली होती, सर. चार मार्क मिळाले."
मी पायऱ्यांचं महत्त्व सांगायला लागलो. तोवर सगळे मूर्तींकडे वळले होते.

१८ ऑगस्ट
विषय वाचला! पुढच्या सत्रापासून कृष्णाबाई शिकवणार. मी हजेरी घेणार. मॅडम म्हणाल्या, तोपर्यंत तुम्ही आधी शिकून घ्या. वाईट वाटलं. पण विश्वास असल्याशिवाय कोण असं सांगतं?

२३ ऑगस्ट, जोहे (मुक्काम कारखान्यात)
तडा गेलेल्या वीस मूर्तींवर आखणीचा सराव केला. समीक्षाने तपासल्या. चार चालतील म्हणाली. पायऱ्यांचे काही मार्क मिळतील का, असं मी तिला विचारलं. ती घरच्या बोलीत म्हणाली,
"पायऱ्यांचं नाय, सर. डोलं सरल पायजेत."
वीसपैकी चार.
उद्या पाचला उठून पुन्हा. इथे अलार्म लागत नाही, कृष्णाबाई उठवते.