चारला एक मिनिट कमी असताना

आप्पा, वालूरला आपल्या दुकानाच्या जागेवर आता मोबाईलचं दुकान झालंय, आणि तुमची चौथीतनं शाळा सुटलेली लेक मोबाईलवर हर्राशीच्या बोल्या लावायलीय. तिथं वर बसून हसू नका. मीच लय हसून घेतलंय. वही नातीची हाय, मागची पानं कोरी होती. जोडाक्षरं चुकली तर समजून घ्या, तुमीच मला शाळेतनं काढून सुपाऱ्या निवडायला बसवलं होतं. सांगायचं एकच हाय, पण ते सरळ निघत न्हाई, म्हणून आधी इकडचं तिकडचं सांगते.

मला अडकित्त्यांचा नाद लागलाय. दुकानात तुमी दोरीला बांधून ठेवायचात तसला एक न्हाई, चांगले बासष्ट हायत. सेलूच्या घरात स्वयंपाकघराची एक भिंत त्यांनीच भरलीय. मोराचे, घोड्याचे, एक तर बाई नमस्कार करायलीय असा. दात गेले, सुपारी बंद झाली आणि अडकित्ते वाढायले. सून म्हणती, "आत्याबाई, पोलीस आले तर मी तुमालाच पुढं करीन, एवढी हत्यारं कुणाच्या घरात असत्यात?" मी म्हणते, तू ब्लाऊज शिवतीस, तुझ्याकडं कात्र्या किती हायत ते मोज आधी. तशी गुणी हाय. पांढऱ्या दोऱ्यानं काळं कापड शिवणार न्हाई आणि सासूला खोटं सांगणार न्हाई. तिनंच मला फोनवरच्या त्या गटात घातलं. जुन्या वस्तू जमवणाऱ्यांचा गट हाय, कुठकुठल्या गावचे लोक, कुणी दिवे जमवतंय, कुणी कुलपं. गट चालवतात ते एक रिटायर मास्तर. सोमवारी ते वस्तूचा फोटो टाकतात, मग ज्याला पायजे त्यानं आकडा लिहायचा, आणि शनिवारी चारला बंद. फोनवर लिहिलेल्याच्या खाली बारीक वेळ उमटती. तीन एकोणसाठ उमटलं तर धरलं, चार उमटलं तर गेलं. मास्तर त्यात बापाचंही ऐकत न्हाईत.

पहिल्या दोन वस्तू माझ्या हातच्या गेल्या. आठवडाभर मीच बोलायचे, मीच पुढं, आणि शनिवारी शेवटच्या घडीला कुणीतरी हळूच आकडा टाकायचा. मी चष्मा शोधीपर्यंत चार वाजलेले. मी चिडले. सून हसून म्हणली, "आत्याबाई, जे मुरलेले हायत ते आठवडाभर तोंडच उघडत न्हाईत. आधी बोललं की भाव चढतो आणि समोरचा सावध होतो. आकडा लिहून बोट वर धरून बसायचं, आणि वेळ संपता संपता सोडायचं." ते ऐकून मी हातातलं लाटणं खाली ठेवलं. म्हणलं, अगं, हे तर आमच्या आप्पाचं!

आठवतंय, वालूरचा श्रावणातला शेवटचा सोमवार. महादेवाच्या देवळात महाप्रसाद झाला की देवाला आलेल्या वस्तूंची हर्राशी. नारळ, खण, भोपळा, धोतरजोडी, एखादं घोंगडं. तुमी खांबाला टेकून डोळे मिटून बसलेले, कपाळावर भस्म, जणू झोपच लागलीय. पुजारी ओरडायलेत, "एक बार! दो बार!" आणि तीन म्हणायला त्यांचा हात वर जातो तवाच तुमचा आवाज, हळू, शेवटच्या रुपयावर चार आणे चढवून, "आमचा सव्वा." सगळे चरफडतात. तेलवाले काका म्हणतात, "ह्यो आप्पा आला की देवाचा बी तोटा आणि आमचा बी!" आणि तुमी म्हणायचात, "तुमाला आधी कोण बोलायला सांगितलं?" मी तुमच्या मांडीला टेकून बसलेली असायचे आणि मला वाटायचं, माझ्या बापाएवढा हुशार माणूस जिल्ह्यात न्हाई.

पण एक रीत होती. ज्याच्या घरात त्या वर्षी माणूस गेलंय तो पुढं येऊन वस्तूवर हात ठेवायचा, मग आकडा बोलायचा. त्याच्यावर कुणी बोलायचं न्हाई. मला ते ठाऊक नव्हतं. मी आठ-नऊ वर्षांची असंन. एका म्हाताऱ्यानं घोंगड्यावर हात ठेवला, त्याचा लेक त्या वर्षी येलदरीच्या धरणात बुडाला होता. पुजाऱ्यांचा हात वर गेला आणि मी तुमचा आवाज काढून ओरडले, "आमचा सव्वा!" मला वाटलं तुमी पाठीवर थाप माराल. सगळं देऊळ माझ्याकडं वळून बघायलं. तुमी मला मारलं न्हाई. ते घोंगडं घेतलं, घडी करून माझ्या डोक्यावर ठेवलं, आणि भर गावातनं त्या म्हाताऱ्याच्या दारापर्यंत माझ्या मागं मागं चालत आलात. परत येताना नाल्यापाशी म्हणालात, "आधी सगळ्यांची तोंडं बघायची, मग आपलं उघडायचं. मी डोळे मिटून बसतो ते लोकांना दाखवायला." तवा मला कळलं की तुमी झोपत नव्हता, पापणीखालनं एकेकाला बघत होता.

फोनवर तोंडं दिसत न्हाईत, आप्पा. नुसती नावं आणि आकडे. काहींनी तर आपल्या फोटोच्या जागी गणपतीच लावलाय.

तर मागच्या महिन्यात मास्तरांनी एक अडकित्ता टाकला. पितळी मुठीचा, दोन पोपट, एक वर एक खाली. पोपटाची जोडी माझ्याकडं नव्हती. बघताच माझा जीव त्याच्यात अडकला. एक बाई सोमवारपासनं त्याच्यावर बोलायली होती. कुणी चढवलं की लगेच थोडंसं चढवायची, दिवसा, सांजंला, कवाबी. मी गप बसले. सुनंला म्हणलं, ह्यावेळी बघच. शनिवारी जेवण लवकर उरकलं, पाटावर बसले, आकडा लिहून ठेवला. सून सेकंदाच्या काट्याचं घड्याळ घेऊन शेजारी, मशीन बंद करून. ती मोजायली, "चाळीस... पन्नास... आत्याबाई, बोट वरच धरा... पंचावन्न, सोडा!" सोडलं. खाली उमटलं तीन एकोणसाठ. त्या बाईचा आकडा आला, पण त्याच्याखाली चार. मी उठून नाचले. गुडघे दुखतात ते विसरून नाचले. शेजारच्या पोरींना साखर वाटली. गटात कुणी लिहिलं, "आजीनं आमाला दिवसाढवळ्या लुटलं." मी ते सुनंकडनं चारदा वाचून घेतलं.

अडकित्ता टपालानं आला त्याच दिवशी त्या बाईचा आवाज आला फोनवर. पाठवलेला आवाज, आपल्याला पायजे तवा ऐकायचा. म्हणती, "मावशी, मी राणीसावरगावची. तुमी घेतला तो अडकित्ता माझ्या आईचा हाय. आई उन्हाळ्यात गेली. भावानं घर आवरताना पोतंभर पितळ मोडीत घातलं, मी सासरी होते, तिथनं तो मास्तरांकडं गेला. परत द्या म्हणत न्हाई, तुमी नियमानं घेतला. मला वाटलं सोमवारपासनं मीच बोलायले, सगळ्यांना दिसायलंय, मग कोण कशाला मधी येईल? कधी विकायला काढायचा झाला तर मला आधी सांगा." सून म्हणली, "यात तुमची काय चूक न्हाई. तुमाला कसं कळणार?" मी अडकित्ता भिंतीवर टांगला. पहिले दोन दिवस सारखं बघायचे, मग तिकडं पाठ करून भाकऱ्या करायला लागले. आठव्या दिवशी सुनंला म्हणलं, लाव फोन त्या बाईला, घेऊन जा म्हणावं.

ती आली. गंगाखेडला एक गाडी बदलून, परभणीला दुसरी. पन्नाशीची असंल, साधी बाई, गळ्यात लिंग, आपल्यातलीच. फुकट घ्यायला तयार न्हाई, म्हणून शेतातली तुरीची डाळ घेऊन आली होती, सहा महिने पुरंल एवढी. मी भिंतीवरनं अडकित्ता काढून दिला. तिनं तो कपाळाला लावला न्हाई, रडली बी न्हाई. पिशवीतनं सुपारी काढली, मांडी घातली आणि कातरायला बसली. इतकी बारीक, इतकी सारखी, की तुमी दुकानात ठेवून घेतली असती. कातरता कातरता सांगायली, आई बाजेवर पडल्यावर बी रोज सुपारीचं एक खांड मागायची, चावता येत न्हाई तर गालात धरून ठेवायची. सून दारात उभी राहून पदरानं डोळे पुसायली. मग ती बाई माझ्या पाया पडली. म्हणली, "मावशी, तुमचं मन मोठं हाय. तुमाला आधी ठाऊक असतं तर तुमी बोललाच नसता, हे मला ठाऊक हाय." मी म्हणले, "हो बाई, कशाला बोलले असते." सुनंनं चहा आणला, मी तिची ओटी भरली, ती चारच्या गाडीनं गेली. आता अख्खा गट मला आजी-आजी करतोय. मास्तरांनी सगळ्यांना लिहिलं की अशी माणसं राहिली न्हाईत.

आप्पा, आता ते एक सांगते. पोपटांवर बोली चालू होती त्या बुधवारी त्या बाईनं गटात विचारलं होतं, "खालच्या पोपटाची चोच घासलेली हाय का?" फोटोत खालची बाजू दिसतच नव्हती. मास्तरांनी उलटून बघितलं आणि लिहिलं, हो, घासलेली हाय. सून तवा मशीनवर होती, तिनं ते वाचलं न्हाई. मी वाचलं. एकेक अक्षर लावून, दोनदा. न दिसणारी चोच जिला ठाऊक तिच्याच घरातली ती वस्तू असणार, एवढं सुपाऱ्या निवडणारीला बी कळतं. मला बुधवारीच कळलं. तरी गुरुवारी आणि शुक्रवारी मी बोट सोडायची तालीम केली. आणि खरं सांगू, तीन एकोणसाठ आठवलं की आजबी मला हसू येतं, मग लाज वाटती, मग परत हसू.

राणीसावरगावचा पत्ता माझ्याकडं हाय, डाळीच्या पिशवीवर तिनंच लिहिलेला. हे सगळं तिला लिहायला पायजे, आप्पा, तुमाला न्हाई. तुमाला लिहिलं, कारण तुमी माझ्या पाया पडला नव्हता.