बाईंना मी आतून ओळखतो

१ फेब्रुवारी
ठरलं. आजपासून फक्त राजकीय लेखन. ‘झोप का येत नाही’, ‘चप्पल कशी निवडावी’ असले विषय ब्लॉगवरून बंद. वॉर्डाची निवडणूक महिन्यावर आलीय. अशा वेळी ब्लॉगरच गप्प बसला तर लोकांनी बघायचं कुणाकडे?
माझा पाठिंबा बाईंना. बाई म्हणजे रिटायर्ड गणिताच्या बाई. अर्ध्या वॉर्डाने त्यांच्या हातचा मार खाल्लाय, मीही खाल्लाय. समोर रस्त्यांची कामं घेणारे कंत्राटदार. बायको रोज संध्याकाळी बाईंची पत्रकं वाटायला जाते. तिला म्हटलं, मी माझ्या लेखणीने प्रचार करीन. ती म्हणाली, जिने चढायचा कंटाळा असेल तर सरळ तसं सांग.

२ फेब्रुवारी
पाठिंबा नुसता द्यायचा नसतो, त्यामागचा प्रवास उलगडायचा असतो. पाच भागांची मालिका करतोय. भाग पहिला: माझा जन्म. बाई साधारण चौथ्या भागात येतील.

५ फेब्रुवारी
भाग दोन (शाळा) टाकला. वाचक एकवीस. बायको म्हणते, त्यातले पंधरा तूच आहेस, लॅबच्या कॉम्प्युटरवरून. घरात कदर नसतेच.
लॅबमध्ये कवळ्यांचं काम तुंबलंय. मी डेंटल टेक्निशियन आहे, हे ब्लॉगवर कुठे लिहिलेलं नाही. विचारवंत दिवसभर कवळ्या बनवतो हे लोकांना झेपत नाही.

८ फेब्रुवारी
भाग तीन: वैचारिक जडणघडण. प्रामाणिकपणे लिहायला बसलो. आयुष्यातला पहिला पाठिंबा एका उमेदवाराला, कारण त्यांच्या जीपने मला कॉलेजपर्यंत सोडलं. दुसरा, मामा म्हणाले म्हणून. तिसरा सासऱ्यांच्या पक्षाला, लग्न ठरेपर्यंत. लग्नानंतर स्वतंत्र विचार सुरू केला, तो बायकोला पसंत पडला नाही.
वाचून बघितलं. जसंच्या तसं टाकणं बरं नाही. सगळं खोडून ‘दीर्घ चिंतनाअंती’ असं लिहिलं.
मेहुण्याचा फोन. तो कंत्राटदारांच्या गोटातला. तीन भाग झाले, बाई कुठायत, असं खवचटपणे विचारत होता. म्हटलं, मोठ्या इमारतीला पाया खोल लागतो. तो म्हणाला, तुमचा पाया खणून होईपर्यंत मतमोजणी उरकेल.

११ फेब्रुवारी
बायकोचंही तेच. म्हणाली, ऐकीव नको, बाईंबद्दल तुला स्वतःला जे माहीत आहे ते लिही.
दुपारी मेण वितळवताना एकदम सुचलं. अरे, बाईंची वरची कवळी मीच बनवलीय! सहा वर्षं झाली. इतक्या जवळचा पुरावा दुसऱ्या कुठल्या लेखकाकडे असेल?
शीर्षक: ‘बाईंना मी आतून ओळखतो’. माप कसं आलं, मेणात दात कसे बसवले, ‘श’ आणि ‘स’ वेगळे यावेत म्हणून पुढचे दोन दात पुन्हा पुन्हा कसे हलवले, सगळं लिहिलं. लेख फारच लांबला. मग बाई बसस्टॉपसमोरच्या खड्ड्यात पडल्या आणि दात गेले वगैरे किरकोळ मजकूर कापला. माझ्या बालपणाला हात लावला नाही.

१२ फेब्रुवारी, सकाळ
वाचक चारशे!

१२ फेब्रुवारी, दुपार
दोन हजार!! बायकोला फोन केला. उचलला नाही. तिलाही अभिनंदनाचे फोन येत असणार.

१३ फेब्रुवारी
कंत्राटदारांनी भर सभेत माझा लेख वाचून दाखवला. जवळजवळ अख्खा! (बालपण गाळलं.) शेवटी म्हणाले, ज्यांचे दात नकली त्यांची आश्वासनं कुठून असली असणार? लोक पोट धरून हसले म्हणे. म्हणजे विरोधकांनासुद्धा मला टाळून पुढे जाता येत नाही.
बायको जेवताना एवढंच म्हणाली, उचलली जीभ लावली टाळ्याला.

१४ फेब्रुवारी
डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं. लॅब त्यांचीच. म्हणाले, पेशंटची गोष्ट इथून फक्त पेशंटच्या तोंडात बसून बाहेर जाते, दुसरी वाट नाही. दोन पेशंटनी दिलेली मापं परत मागितलीत. निवडणूक होऊ दे, मग तुझं काय ते ठरवतो.
आवाजावरून बढती वाटली नाही. पण डॉक्टरांचा आवाजच तसा आहे.

१५ फेब्रुवारी
गैरसमज दूर करायला भाग पाच टाकला. शीर्षक: ‘खुलासा’. बाईंचे सगळे दात नकली नाहीत, खालचे आठ अगदी स्वतःचे आहेत, असं ठणकावून लिहिलं.
संध्याकाळी बायको माहेरी गेली नाही, पण बॅग माळ्यावरून खाली काढून ठेवली. म्हणाली, बाईंच्या यजमानांनासुद्धा हे तुझ्या ब्लॉगवरून कळलं. त्यांची समजूत होती की पडल्यावर दोन दात हलले आणि परत बसले.
म्हणजे सहा वर्षं प्रत्यक्ष नवऱ्याला पत्ता लागला नाही! कामाची याहून मोठी पावती कुठली? हे मी बायकोला बोलून दाखवलं. दाखवायला नको होतं.

२० फेब्रुवारी
बाईंची शेवटची सभा. मी मागे, खांबाच्या आडोशाला. कंत्राटदारांची पोरं पुढे बसून बाईंकडे बघून दात विचकत होती.
बाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, माझे दात नकली आहेत, खरं आहे. असली होते ते बसस्टॉपसमोरच्या खड्ड्यात गेले. तो खड्डा बुजवल्याचं बिल कंत्राटदारांनी मी पडायच्या आधीच उचललं होतं. खड्डा आजही तिथेच आहे, सभा संपली की जाऊन बघा.
लोक सभा संपायची वाट न बघता उठले.
खड्ड्याचं ते वाक्य माझ्याकडे होतं. असो. संपादन म्हटलं की काटछाट आलीच.

२ मार्च
निकाल. बाई दणकून निवडून आल्या! यात सिंहाचा वाटा कुणाचा, हे स्वतःच्या तोंडाने सांगणं बरं दिसत नाही. म्हणून भाग सहामध्ये लिहून सांगितलं. वाचक नऊ.

३ मार्च
बाईंचा निरोप: घरी ये. कोट घातला, खिशात छोटंसं भाषण ठेवलं. बायको म्हणाली, हत्यारांची पेटी पण घेऊन जा. बॅग तिने परत माळ्यावर टाकलेली दिसली.
हॉलमध्ये ही गर्दी. हार, फुलं, फोटो. मी घसा साफ केला. बाईंनी मला सरळ स्वयंपाकघरात नेलं, दार लावलं आणि कवळी काढून माझ्या हातावर ठेवली. उद्या शपथ आहे आणि डावीकडे टोचतंय, म्हणाल्या.
हिरडी बघितली. लालबुंद. विचारलं, झोपताना काढून ठेवत नाही का? म्हणाल्या, सहा वर्षं कधी काढली नाही, यजमानांना कळू नये म्हणून. आता कळलंच आहे, तर काढते. पहिले काही दिवस ते पाठ फिरवून झोपले. काल त्यांनीच उशाशी वाटीत पाणी भरून ठेवलं.
मला वाईट वाटलं. खरंच, फार वाईट वाटलं. ही बाई इतकी वर्षं दुखणं सोसत होती आणि मी तिच्या ‘श’चं कौतुक गावभर सांगत बसलो. माफी मागायची होती, पण खिशातलं भाषण त्या कामाचं नव्हतं. मुकाट्याने कवळी घासली, पॉलिश केली, धुऊन दिली.
बाईंनी ती लावली आणि शपथ मोठ्याने म्हणून बघितली. कुठेही अडलं नाही. मग म्हणाल्या, डॉक्टरांशी बोलले आहे, नोकरी जात नाही. तुझा हात त्यांना हवाय, तोंड तू आवर.
उंबऱ्यापर्यंत आवरलं. मग राहवेना. विचारलं, की बाई, या सगळ्यावर भाग सात लिहू का?
बाई म्हणाल्या, नको.
दोनच अक्षरं. पण उच्चार काय स्वच्छ!